परळचा कौल

मतदारसंघ दफ्तरात जन्माला येतो. शिरगणतीचे तक्ते, वॉर्डांचे नकाशे आणि आगगाडीच्या रुळांच्या रेषा समोर ठेवून कोणी एक अंमलदार त्याची हद्द मुक्रर करतो, ती राजपत्रात प्रसिद्ध होते आणि त्या तारखेपासून त्या हद्दीत राहणारी, एरवी परस्परांना अपरिचित असलेली सहस्रावधी माणसे एका प्रतिनिधीच्या नावाखाली एकत्र मोजली जाऊ लागतात. मोठ्या शहरांतील बहुतेक मतदारसंघांची हकीकत याहून फारशी पुढे जात नाही. मुंबईतील परळची हकीकत निराळी आहे. कारण सरकारने परळला मतदारसंघ म्हणून नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील माणसे गिरणीच्या भोंग्याने, खाणावळीच्या पंगतीने, गावकीच्या खोलीने आणि संपातल्या उपासमारीने एकमेकांशी बांधली गेली होती, आणि १९३७ पासून पुढे सत्तर वर्षे या माणसांनी जे कौल दिले त्यांत मुंबई इलाख्याच्या आणि नंतर महाराष्ट्राच्या राजकारणातील जवळजवळ प्रत्येक मोठा प्रवाह कधी ना कधी येऊन मिळाला.

परळचे पूर्वीचे वैभव वेगळ्या जातीचे होते. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान येथे होते. १८८० नंतरच्या दशकात लाटसाहेबांनी मलबार टेकडीकडे मुक्काम हलवला, आणि प्लेगच्या साथीनंतर त्याच प्रासादात १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. तोवर भोवतालच्या वाड्या-बागांतून गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेला माणूस एकटा येई, बायकापोरांना गावी ठेवून येई, आणि दहा बाय बाराच्या एका खोलीत पंधरा-वीस जणांच्या सोबतीने राही. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच वळकटीवर रात्रपाळीचा माणूस येऊन पडे. या खोल्या गावागावांच्या असत. अमुक चाळीत मालवणकडची मंडळी, तमुक चाळीत संगमेश्वरची, पलीकडे खटाव-माणची, अशी वाटणी वर्षानुवर्षे टिकून राहिली. गावदेवीच्या जत्रेची वर्गणी, कोणाच्या मृत्यूचा खर्च, नवख्या पोराला बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटवण्याची खटपट, सारे या गावकीतून होई. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचा माणूस चाळीत शिरला म्हणजे तो घरोघर हिंडत नसे. तो गावकीच्या जाणत्या माणसाला गाठी, जिन्याखाली किंवा गॅलरीच्या टोकाला सतरंजी पडे, ‘अण्णा, तुम्ही सांगाल तसं’ असे कोणी म्हणे, आणि तासाभराच्या बोलण्यात पन्नास-साठ मतांचा निकाल लागून जाई.

परळच्या मतदानाचा इतिहास सांगताना पुष्कळ लेखकांनी या मतदाराला चंचल ठरवले आहे. आज आंबेडकरांना, उद्या लाल बावट्याला, परवा भगव्याला, मग दत्ता सामंतांना, आणि पुन्हा भगव्याला मत देणारा हा माणूस, असे त्याचे वर्णन केले जाते. मला हे वर्णन अन्यायाचे वाटते. जुन्या निकालांचे आकडे आणि त्या त्या वेळचे निवडणुकीचे नियम शेजारी ठेवून वाचले म्हणजे जे दिसते ते असे की या मतदाराची अपेक्षा फारशी बदललेली नव्हती: आपल्या रोजच्या जिण्यात, कामाच्या दारात आणि चाळीच्या जिन्यात जो आपल्याबरोबर उभा राहील तो आपला. बदलत गेली ती त्याच्या हातातली साधने. किती मते द्यायची, ती कशी द्यायची, कोणत्या प्रश्नावर त्याला मतच नाही आणि त्याच्या मतदारसंघाची वेस कोठे संपते, हे दरवेळी दुसऱ्याच कोणी ठरवले, आणि त्याचे परिणाम मात्र त्याच्या नावावर मांडले गेले.

१९३५ च्या कायद्याने इलाख्यांना प्रांतिक स्वायत्तता मिळाली आणि मुंबई प्रांताच्या कायदेमंडळासाठी १७५ जागांची निवडणूक फेब्रुवारी १९३७ मध्ये झाली. मताधिकार तेव्हा सार्वत्रिक नव्हता. घरभाडे, कर, शिक्षण यांच्या अटींतून जो पार पडे त्याचेच नाव यादीत येई, मात्र अस्पृश्य वर्गांसाठी या अटी काहीशा सैल ठेवल्या होत्या. पुणे करारान्वये राखीव जागांची तरतूद झालेली होती आणि मुंबईच्या वाट्याला अशा १५ जागा आल्या होत्या. त्यांपैकी एक भायखळा आणि परळ मिळून झालेल्या बहुसदस्य नागर मतदारसंघात होती. या जागेसाठी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

आंबेडकरांना परळ परकी नव्हती. १९१२ च्या सुमारापासून १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात राहावयास जाईपर्यंतचा त्यांचा मुंबईतला संसार परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत झाला. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. सहस्रावधी अस्पृश्य कामगार ज्या गिरण्यांत राबत आणि जेथे अधिक मजुरीच्या विणखात्यात त्यांना प्रवेश नव्हता, त्या गिरण्या त्या चाळीतून हाकेच्या अंतरावर होत्या.

त्यांच्या विरुद्ध काँग्रेसने जो उमेदवार दिला त्याची निवड विलक्षण होती. पाळवणकर बाळू हे हिंदुस्थानच्या क्रिकेटातील पहिले मोठे नाव. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता आणि सरावात साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांनी डावखुऱ्या फिरकीची कला कमावली. १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले. आणि तरीही चांभार कुळात जन्मल्यामुळे हिंदूंच्या संघाचे नायकत्व त्यांना कधी लाभले नाही. तरुण आंबेडकरांनी त्यांच्या सत्कारासाठी झटावे इतका त्यांचा मान होता. पुणे कराराच्या वेळी मात्र दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या होत्या, आणि वयाच्या साठीत पोचलेल्या बाळूंना, वास्तविक राजकारणाची फारशी हौस नसताना, काँग्रेसने या लढतीत उतरवले. एकाच अन्यायाचे चटके सोसलेल्या दोन माणसांना मतपेटीने समोरासमोर आणावे, यात मला आजही मनाला लागणारे काहीतरी वाटते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. फरक अवघा २,०२० मतांचा.

या आकड्यांमागे मतदानाची एक पद्धत उभी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पुढची सारी हकीकत दुर्बोध होते. मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघांसाठी संचयी मतदानाची रीत होती: जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला, आणि ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा. संख्येने अल्प असलेल्या समाजाला याचा अर्थ फार मोठा होता. बहुसंख्यांची मते अनेक उमेदवारांत विभागली जात असता अल्पसंख्याकांनी आपली सर्व शक्ती एका नावावर एकवटायची, हे या पद्धतीने शक्य केले. स्वतः आंबेडकरांनी तिचा आग्रह धरला होता आणि पुढे आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांनी तिचे समर्थन केले. स्वतंत्र मजूर पक्षाला त्या निवडणुकीत जे यश लाभले त्यात या नियमाचा वाटा होता.

निवडून आलेल्या प्रतिनिधीने काय केले, हा प्रश्न मतदारसंघाच्या इतिहासात बहुधा विचारलाच जात नाही. येथे तो विचारण्याजोगा आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. परळच्या चाळींतील पुष्कळ माणसे खोताच्या जाचातून सुटण्यासाठीच मुंबईला आलेली होती, म्हणून हे विधेयक त्यांच्या गावाचेही होते आणि मतदारसंघाचेही. पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाने संपावर निर्बंध घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले तेव्हा आंबेडकरांनी सभागृहात त्याचा कडाडून प्रतिकार केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी साम्यवादी पुढाऱ्यांसमवेत एक दिवसाचा संप पुकारला. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात अस्पृश्य कामगारांच्या विणखात्यातील प्रवेशाच्या प्रश्नावरून ज्यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला होता, त्यांच्याच शेजारी दहा वर्षांनी ते परळच्या रस्त्यांवर उभे राहिले. निळा आणि लाल हे दोन्ही प्रवाह या वस्तीत एकत्र वाहू शकतात, याचा तो पहिला मोठा प्रत्यय.

युद्धाची वर्षे आणि १९४६ ची निवडणूक यांत विशेष थांबण्याचे कारण नाही. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात तेव्हा पूर्ण पाडाव झाला आणि काँग्रेसचे राज्य स्थिर झाले. पण १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक मात्र बारकाईने पाहिली पाहिजे. मताधिकार आता प्रत्येक प्रौढाला मिळाला होता. मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघातून राखीव जागेसाठी आंबेडकर उभे होते. समाजवादी पक्षाशी फेडरेशनची युती असल्याने सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते. समोर काँग्रेसचे वि. बा. गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर, आणि तिसऱ्या बाजूला साम्यवादी पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि नियम असा होता की दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्यास त्यांतली एक बाद व्हावी. १९३७ मध्ये जी मुभा होती तीच आता दोष ठरली होती. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष १४,५६१ मतांनी पराभूत झाला. बाद ठरलेल्या मतपत्रिका ७४,३३३ होत्या. साम्यवाद्यांनी दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार केला, अशी तक्रार आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. ती फेटाळली गेली. बाद झालेल्या मतांचा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपट आहे, एवढे मात्र कोणालाही नाकारता येत नाही. त्या ७४ सहस्र पत्रिकांमागे जी माणसे होती त्यांपैकी किती जणांना पेटीच्या नियमाची पुरती जाण होती, हे सांगणारे साधन उरलेले नाही, परंतु या निकालावरून गिरणगावाने आंबेडकरांना नाकारले असा जो सरसकट निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही.

माझ्या या मताला १९५७ चा पुरावा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबारानंतर जे स्वरूप धारण केले त्यात गिरणगाव अग्रभागी होते. हुतात्म्यांत गिरणीत राबणारी माणसे होती, आणि काळा चौकी, लालबाग, परळ येथल्या सभांना रात्रपाळी सोडून माणसे येत. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छायेखाली साम्यवादी, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एकत्र आले. मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने हे दोघेही विजयी झाले. पाच वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांच्या वैराने दोघांचाही घात केला, त्या दोन पक्षांच्या उमेदवारांना तोच कामगार आता एक-एक मत वाटून देत होता आणि दोघांनाही निवडून आणत होता. तोच मतदार, तीच दोन मतांची रीत. पुढारी एकत्र आले तेव्हा तीच रीत उपकारक ठरली. १९६१ साली कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द केले आणि हा अध्याय मिटला.

याच काळात आणखी एक गोष्ट घडून बसली होती, तिचा मतदानाशी संबंध वरवर पाहता दिसत नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता देण्याची तरतूद केली आणि ती मान्यता वर्गणीदार सभासदांच्या नोंदणीवर ठरवली, गुप्त मतदानावर नव्हे. कापड गिरण्यांत ही सनद राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली, ज्याचे मुख्य कार्यालय परळमध्येच आहे. मालकाशी करार करण्याचा अधिकार त्याचा, कामगाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याचा, मग कामगाराची निष्ठा कोणत्याही झेंड्याशी असो. परळचा माणूस दर पाच वर्षांनी आमदार निवडू शकत होता, नगरसेवक निवडू शकत होता, पण आपल्या पगाराची बोलणी कोणी करावीत यासाठी त्याला मतपत्रिका मिळत नव्हती. कारखान्यात जे मत देता आले नाही ते तो विधानसभेच्या पेटीत टाकत राहिला. परळचे निवडणूक-निकाल इतके तप्त का असत, याचे मला सापडलेले सर्वांत समाधानकारक कारण हेच आहे.

१९६७ मध्ये परळने साम्यवादी पक्षाचे कृष्णा देसाई यांना विधानसभेत पाठवले. देसाई भाषणांपेक्षा वस्तीत ओळखले जाणारे पुढारी होते. महापालिकेत ते अनेक वर्षे नगरसेवक होते, लालबागच्या तरुणांना तालमीत आणि लोकसेवा दलात त्यांनी एकत्र केले होते, आणि नळाचे पाणी, भाड्याची नोटीस, पोलिसचौकीची भानगड यांसाठी त्यांच्या दारात रांग लागे. जून १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेला गिरणगावात शिरकाव करून घ्यायचा तर नेमकी हीच जागा व्यापावी लागणार होती. शाखा निघाल्या, फलक लागले, आणि मराठी तरुणांच्या बेकारीचा प्रश्न संघटनेच्या कार्यालयाऐवजी शाखेच्या ओट्यावर बोलला जाऊ लागला. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कृष्णा देसाई यांचा खून झाला. या खुनाबद्दल शिवसेनेशी संबंधित तरुणांना न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या. विधानसभेच्या विद्यमान सदस्याची राजकीय हत्या हा महाराष्ट्राला बसलेला मोठा धक्का होता, आणि अर्धशतक लोटूनही तिची भीषणता कमी झालेली नाही.

रिकाम्या झालेल्या जागेसाठी ऑक्टोबर १९७० मध्ये पोटनिवडणूक झाली. देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई साम्यवादी पक्षातर्फे उभ्या राहिल्या आणि अनेक पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. शिवसेनेने वामनराव महाडिक यांना उमेदवारी दिली. पतीच्या खुनानंतर चार महिन्यांनी एक स्त्री चाळीचाळींतून हात जोडून हिंडते आहे, कॉम्रेडच्या वहिनी म्हणून बायाबापड्या तिला ओवाळताहेत, आणि त्याच चाळींच्या दुसऱ्या जिन्यावर तिच्या विरुद्ध घोषणा दिल्या जात आहेत, ही त्या पोटनिवडणुकीची अवस्था होती. महाडिक यांना ३१,५९२ मते मिळाली, सरोजिनी देसाई यांना २९,९१३. १,६७९ मतांनी शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला.

या निकालाचे दोन सोयीस्कर अर्थ लावले जातात: परळने साम्यवाद झुगारला, किंवा परळ दहशतीला शरण गेली. आकडे दोन्ही अर्थांना पुरेसा आधार देत नाहीत. दोघांत विभागलेल्या ६१,५०५ मतांपैकी अर्ध्याहून जराशी कमी मते लाल बावट्याला पडली, आणि तीही अशा वातावरणात. मला दिसते ते असे की त्या वर्षी गिरणगावातल्या घराघरांत बाप आणि मुलगा वेगळ्या पेट्यांकडे वळले. बापाचे आयुष्य संघटनेत गेले होते. मुलाला गिरणीत कायम नोकरी मिळण्याची शाश्वती उरली नव्हती, आणि त्याच्याशी त्याच्या बोलीत, त्याच्या गल्लीत बोलणारी शाखा रोज संध्याकाळी उघडी होती. संघटना गिरणीच्या दाराशी थांबली आणि शाखा चाळीच्या दाराशी आली, एवढ्या अंतरात ती सतराशे मते फिरली.

जानेवारी १९७४ मध्ये मुंबई मध्यच्या लोकसभा पोटनिवडणुकीत पुन्हा असाच पेच पडला. काँग्रेसचे रामराव आदिक यांना शिवसेनेचा पाठिंबा होता, साम्यवादी पक्षाच्या उमेदवार डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे होत्या, आणि दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली होती. ५ जानेवारीला वरळीच्या सभेनंतर बीडीडी चाळींत दंगली उसळल्या. १० जानेवारीला परळमधून जाणाऱ्या पँथरच्या मोर्चावर इमारतीवरून दगड आले आणि त्यात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. रोझा देशपांडे निवडून आल्या. मत न देणे हेही दलित मतदाराने शस्त्र म्हणून वापरले, आणि ते ज्या पक्षांनी त्याला गृहीत धरले होते त्यांच्यावर चालले. १९३७ चा प्रतिनिधी ज्या रस्त्यांवर संपाचा मोर्चा घेऊन चालला होता त्याच रस्त्यावर त्याच्या अनुयायाचे रक्त सांडावे, याचे दुःख परळच्या निळ्या वस्त्यांत अजून बोलून दाखवले जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस या मागण्यांबरोबर एक मागणी त्या जुन्या औद्योगिक संबंध कायद्याविरुद्ध होती, म्हणजेच आपला प्रतिनिधी आपण निवडू द्या, ही होती. सरकारने ती ऐकली नाही. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, गावी गेलेले कामगार परतले नाहीत, लाखाहून अधिक माणसांच्या नोकऱ्या गेल्या. आणि तरी १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या प्रचंड काँग्रेस लाटेत, मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघाने दत्ता सामंत यांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवले. हरलेल्या संपाच्या नेत्याला असा विजय मिळाल्याचे उदाहरण देशाच्या इतिहासात विरळा. ज्याला कारखान्यात निवडू दिले नाही त्याला त्यांनी दिल्लीला निवडून दिले.

पण दिल्लीतला एक आवाज बंद गिरणीचे दार उघडू शकत नव्हता, आणि खालच्या चाळीत रोजचा माणूस आता शाखेचा होता. रक्त हवे, रुग्णवाहिका हवी, केईएममध्ये खाट मिळवायची, मुलाला शाळेत घालायचे, गणपतीला कोकणची गाडी हवी, तर शाखाप्रमुख. १९८५ मध्ये महापालिका शिवसेनेच्या हाती आली; १९८९ मध्ये दक्षिण मध्यमधून वामनराव महाडिक खासदार झाले, आणि १९९१ पासून त्याच जागी ‘परळ ब्रँड शिवसैनिक’ म्हणून ओळखले जाणारे मोहन रावले पाच वेळा निवडून आले. विधानसभेतही परळ शिवसेनेची झाली. आर्थिक प्रश्नाचे काय, तर त्याचा जाब विचारणारी जागाच मोडून पडली होती. शाखेने जे केले त्याचे मोल मी कमी मानत नाही; कोलमडलेल्या वस्तीला तिने उभे राहायला हात दिला. परंतु गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा निर्णय होत असताना या वस्तीच्या निष्ठेचा जो मोबदला तिच्या प्रतिनिधींनी मिळवून द्यायला हवा होता तो त्यांनी मिळवून दिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करून एक महापालिकेला, एक म्हाडाला आणि एक मालकाला ठरवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. उद्यानांचा आणि घरांचा हिस्सा आक्रसला, मनोरे वाढले.

माणसे गेली, तशी मतेही गेली. २००१ च्या शिरगणतीवर आधारलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत मुंबई शहर जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरांच्या १७ च्या २६ झाल्या. परळ हे नाव विधानसभेच्या यादीतून निघाले; परळ, लालबाग, काळा चौकी हा भाग शिवडी नावाच्या मतदारसंघात सामावला. २००९ मध्ये तेथे झालेली पहिली लढत परळचे मावळते आमदार दगडू सकपाळ आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर यांच्यात झाली. शिवसेनेतून फुटलेल्या पक्षाच्या नांदगावकरांनी, ज्यांनी १९९५ मध्ये माझगावात छगन भुजबळ यांना हरवले होते, ती जिंकली. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे अजय चौधरी विजयी झाले. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला त्या दिवशी एकनाथ शिंदे यांच्या जागी विधिमंडळ गटनेते म्हणून उद्धव ठाकरे यांनी ज्यांचे नाव पुढे केले ते हेच चौधरी. २०२४ मध्ये महायुतीने येथे स्वतःचा उमेदवार दिला नाही आणि भारतीय जनता पक्षाने नांदगावकरांना पाठिंबा दिला. चौधरी ७,१४० मतांनी निवडून आले. शिवसेनेच्या तीन तुकड्यांपैकी मूळ घराशी राहिलेल्या तुकडीला गिरणगावाने पसंती दिली, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

आज लालबागच्या मसाला गल्लीत मिरची कुटण्याचा दर्प तसाच दरवळतो, चाळीच्या तोंडाशी मतदानाच्या दिवशी टेबल टाकून यादीतले नाव शोधून देणारी पोरेही तशीच बसतात. त्या यादीत मात्र एका पानावर चाळीतल्या जुन्या आडनावांच्या ओळी असतात आणि पुढच्या पानावर पन्नास मजली मनोऱ्याच्या सदनिका. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस यांनी घरासाठी केलेले अर्ज दीड लाखाहून अधिक आहेत. सोडतीत ज्यांना घरे लागली त्यांपैकी पुष्कळांना ती पनवेलजवळ लागली, आणि पुढील घरे शेलू, वांगणी येथे देण्याची योजना पुढे आली. जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानावर जमले आणि आम्हाला घरे मुंबईतच द्या असे म्हणाले. या मागणीचा विचार घरांच्या प्रश्नापुरता केला जातो, तसा तो होऊ नये. वांगणीला गेलेल्या कामगाराचे नाव त्याच्या घरामागोमाग तेथल्या यादीत जाईल, आणि ज्या जमिनीवर त्याच्या तीन पिढ्यांनी पाळ्या केल्या त्या जमिनीचे काय व्हावे यावर त्याला मत देता येणार नाही. जमिनीचा जो हिस्सा अजून सार्वजनिक ताब्यात आहे त्यावर ही घरे बांधणे शक्य आहे, आणि येत्या शिरगणतीनंतर मतदारसंघांच्या हद्दी पुन्हा आखल्या जाण्यापूर्वी ती बांधली गेली पाहिजेत.